पालथी वाटी

दगडी पायरीवर एक पितळी वाटी पालथी पडली आहे. तिच्या काठाखालून तेलाचा ओघळ खालच्या पायरीवर उतरतो आहे.

०

धावणारा माणूस एकदम थांबतो आणि मागे वळून बघतो. मागे कोणी नाही.

०

एका हंगामात एकाच पैलवानाच्या तीन आज्या वारल्या.

०

उसाच्या चरकाची करकर. तिच्यावरून एक आवाज: "उस्ता, ऐकू येतंय का?"

०

शनिवार. दुपारचे चार. डावा पाय.

"तुझं हे तेल," वाएल उशीत तोंड खुपसून म्हणाला, "आमच्याकडे वालाच्या उसळीवर ओततात. तू माझ्या पायाची उसळ करतोयस, उस्ता."

"मग गप पड. उसळ बोलत नाही."

"इजिप्तमध्ये बोलते. आमच्याकडे सगळंच बोलतं."

तो टेबलावर पालथा होता आणि मी त्याच्या पोटरीवरून अंगठे खाली आणत होतो. बेल्जियममधलं औडरमेर नावाचं गाव, तिथला लहानसा क्लब, आणि त्या क्लबचा सेंटर फॉरवर्ड वाएल शहाता. वय चोवीस. गाव महल्ला. कापड गिरण्यांचं शहर, बाप तिथे मागावर. त्या हंगामात वाएलनं एकोणीस गोल केले होते. क्लबचे सगळे मिळून चाळीस होते.

मी संताजी चौगुले, कोल्हापूरचा. त्या क्लबात तिसरा फिजिओ. पहिले दोघे पट्ट्या, मशिनं आणि आलेख सांभाळायचे. मालिश माझ्याकडे. क्लबची क्रीम बिनवासाची होती. मी मात्र ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल वापरायचो, आणि ते पितळी वाटीत, गरम पाण्यात ठेवून कोमट करायचो. बाकीचे खेळाडू आत आले की नाक धरून विचारायचे, आज जेवायला काय? वाएल तेवढा मागून घ्यायचा. मला तो 'उस्ता' म्हणायचा. त्यांच्याकडे शिंपी, गवंडी, टॅक्सीवाला, हातानं काम करणारा कोणीही उस्ता. आमचा वस्ताद याच घराण्यातला असावा, पण आमच्याकडे वस्ताद एकच असतो आणि तो मालिश करत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग आजपासून करतो."

वाटी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, केरबा चौगुले. तालमीत चाळीस वर्षं पैलवानांचं अंग रगडलं. मी विमानात बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकली. म्हणाले, "डिग्री हाय तुझ्याकडं. ही बी असू दे."

"हिच्या काठाला पोच कसा आला?" वाएलनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"पडली असेल कुठं तरी," मी म्हणालो होतो.

तर शनिवार. अंगठे पोटरीवरून उतरले, टाचेच्या शिरेवर आले. टाचेपासून चार बोटं वर मला ते लागलं.

तांदळाच्या दाण्याएवढं. मी त्याचं पाऊल हळूच वर-खाली केलं. दाणा हलला, आणि ओल्या दोरीचा पीळ सुटताना हाताला कळतं तसं काहीतरी माझ्या अंगठ्याला कळलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" वाएल म्हणाला.

"काही नाही. हात घसरला."

०

तालमीतला रिवाज सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हाताला जे लागलं ते पैलवानाला सांगायचं नाही. अण्णा म्हणायचे, "कानावर पडलं की ते दुखणं त्याच्याबरोबर कुस्तीच्या हौद्यात उतरतंय. मग त्याला समोरच्याशी बी लढावं लागतंय आन् त्याच्याशी बी." म्हणून मालिशवाला उठायचा, हात पुसायचा आणि थेट वस्तादांकडे जायचा. त्यांच्या कानात दोन शब्द. बस. पुढचं वस्ताद बघायचे. कुस्ती मोडायची तर दुखण्याचं नाव निघता कामा नये, नाहीतर पैलवानाची किंमत जाते. मग वस्ताद काहीतरी पुडी सोडायचे: पोराच्या घरात सुतक आहे. गणपा पाटलाच्या खांद्यात एक सबंध हंगाम कळ होती. त्या हंगामात त्याच्या तीन आज्या वारल्या. चौथीच्या वेळी समोरच्या तालमीचा वस्ताद म्हणाला, "अहो, आजोबानं किती संसार केले?"

गणपाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की वस्ताद आपल्याला घाबरून लपवतात. खांदा मात्र राहिला. पुढच्या वर्षी त्यानं गदा आणली.

०

क्लबात कामाला लागलो त्या दिवशी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. खेळाडूच्या अंगात काहीही वेगळं आढळलं तर आधी डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टर लीव्ह. चांगल्या बाई. गुरुवारीच त्यांनी वाएलचा घोटा मशिनमधून काढला होता: डावा, सामान्य.

माझे पाय त्यांच्या खोलीकडे वळले नाहीत. ते वळले कॅन्टीनकडे, जिथे आमचा कोच डिर्क कॉफीच्या मशिनला थापडा मारत होता.

"डिर्क, वाएलच्या डाव्या टाचेत काहीतरी आहे. चार बोटं वर. शीर सुटायला लागलीय."

"कोण म्हणतं?"

मी अंगठा दाखवला.

त्यानं अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसला नाही. "त्याला बोललास?"

"नाही."

"चांगलं केलंस." त्यानं कप उचलला. "मी बघतो."

मी बघतो. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. वस्तादांनी ते म्हटले की काम संपलं. मी खोलीत परत आलो, वाएलला टॉवेल फेकला, म्हणालो, "ऊठ, उसळ झाली." सायकलवरून घरी जाताना कालव्याच्या कडेला मी शीळ घालत होतो हे मला आठवतं. उद्या डिर्क काय पुडी सोडेल याचा विचार करत होतो. इथे सुतक चालत नाही. पोट बिघडलं म्हणेल.

०

रविवारी साडेअकराला भिंतीवर यादी लागली. नऊ नंबर, शहाता.

मी डिर्कच्या दारात गेलो. आत फळ्यावर त्यानं मैदान काढलं होतं आणि हातात लाल चुंबक होतं.

"नऊ नंबर?" मी म्हणालो.

"हो."

"काल मी म्हणालो होतो..."

"स्कॅन स्वच्छ आहे. पोरगा शुक्रवारी पळाला. स्वतः काही बोलत नाही." त्यानं चुंबक फळ्यावर लावलं. "तीन सामने उरलेत, संता. आज हरलो तर क्लब खालच्या विभागात. खाली गेलो तर तीस लोकांची नोकरी जाते, त्यात माझी आणि तुझी पण. बाहेर वर्तमानपत्रवाले विचारतील, शहाता का नाही? काय सांगू? आमच्या मालिशवाल्याच्या अंगठ्याला वाटलं?"

मी उभा राहिलो.

"जूनमध्ये तुझा करार माझ्याकडेच येणार आहे," तो म्हणाला. "मी सही करीन. तू कालव्याकाठी बोंब मारत फिरला नाहीस, मला सांगितलंस. अशी माणसं मला आवडतात."

त्याचा आवाज दमदाटीचा नव्हता. तो मनापासून कौतुक करत होता.

०

मालिशच्या खोलीत वाएल आधीच येऊन बसला होता. टेबलाच्या कडेला, पाय खाली सोडून. खोलीत आम्ही दोघंच. बाहेर कोणीतरी बुटांचे खिळे फरशीवर वाजवत गेलं.

"उस्ता, एक विचारू? पण खरं सांग."

"विचार."

"सकाळी जिना उतरलो. डावी टाच माझी नव्हती. कोणाची तरी उसनी लावल्यासारखी वाटली." तो हसला. "दुखत नाही. दुखलं असतं तर गेलो असतो डॉक्टरकडे."

"मग जा की."

"ती फोटो बघते. तू हात लावतोस."

मी वाटी गरम पाण्यातून काढली, बाहेरून पुसली.

"ऐक," तो म्हणाला. "आज जर्मनीहून माणूस आलाय मला बघायला, माहीत आहे ना? सगळ्या गावाला माहीत आहे. काल बेकरीवालीनं मला फुकट पाव दिला, म्हणाली जाऊ नकोस. पण तो माणूस पुढच्या रविवारी पण येईल. मी विचारून घेतलंय. मी आज नाही खेळलो तर एजंट ओरडेल, ओरडू दे. डिर्क ओरडेल. ओरडू दे. माझी आई म्हणते, तुझे कान मी शिव्या घालण्यासाठीच बनवलेत. मला सवय आहे." त्यानं डावा पाय उचलून माझ्या हातात दिला. "तू फक्त म्हण. आत काही आहे?"

टाच माझ्या तळहातात होती. अंगठा आपोआप चार बोटं वर गेला. दाणा कालच्यापेक्षा मोठा झाला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "थंडीनं आखडलंय. तेल लावतो, मोकळं होईल."

"वल्लाही?"

देवाशपथ, असं तो विचारत होता. दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा तो हा शब्द. बेकरीत, बसमध्ये, पत्ते खेळताना. मलाही शिकवला होता.

"वल्लाही," मी म्हणालो.

"खलास." तो पालथा झाला आणि त्यानं डोळे मिटले. मी वाटीत बोटं बुडवली.

०

सामना, जसा मला दिसतो:

मिनिट ४. वाएल बाहेरून आत येतो, फटका, गोलकीपरच्या हातात.

मिनिट १९. वाएल डोक्यानं, बारला लागून बाहेर. जर्मनीहून आलेला माणूस तिसऱ्या रांगेत. मी त्याच्याकडे बघत नाही.

मिनिट ३१. चेंडू मधल्या रेषेवर. वाएल मागच्या पायावर जोर देऊन सुटतो. दोन पावलं.

आवाज मी बाकावरून ऐकला. कोणी सांगेल, एवढ्या गर्दीत ऐकू येत नाही. ओला बांबू मोडावा तसा.

तो पडला नाही लगेच. आधी थांबला आणि मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. सगळ्यात जवळचा बचावपटू दहा हातांवर, तोही जागच्या जागी थबकलेला. वाएलनं पुन्हा बघितलं, जमिनीकडे, कोणी लपलंय का असं. मग त्यानं बाकाकडे बघितलं. डिर्ककडे नाही.

मग बसला.

मी बॅग घेऊन पळालो. पहिल्या दोघांच्या आधी पोचलो.

"कोणी मारलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मागून मारलं कोणीतरी. लाथ मारली. तू बघितलंस ना, उस्ता? कोण होता?"

"वाएल, हलू नकोस."

"नंबर सांग फक्त. नंबर काय त्याचा?"

मी त्याचा मोजा खाली केला. जिथे शीर असते तिथे खळगा होता. त्यात माझ्या तेलाचा वास येत होता.

०

त्या आठवड्यात मी अण्णांना फोन केला. कोल्हापुरात तेव्हा दुपार होती, मागे कोंबडा आरवत होता. सगळं सांगितलं. दाणा, डिर्क, मी बघतो, यादी. वल्लाहीचं सांगितलं नाही.

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "वस्तादाला सांगितलंस, ते बरुबर केलंस."

"हो."

"आन् वस्तादानं न्हाई ऐकलं, मग?"

"मग काय?"

"मग वाटी पालथी घालायची, संता. बोलायचं न्हाई काय. तालमीच्या पायरीवर, सगळ्यांच्या म्होरं, भरली वाटी पालथी घालायची आन् तिथंच बसायचं. बिनतेलाचा पैलवान हौद्यात उतरत न्हाई. वस्ताद आसला तरी त्याला उतरवता येत न्हाई."

माझा कान गरम झाला होता. फोन दुसऱ्या हातात घेतला.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, अण्णा."

कोंबडा दोनदा आरवला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "न्हाई सांगितलं. माझंच चुकलं म्हणायचं."

मग त्यांनी विचारलं, तिकडं भाकरी मिळते का. दोन वर्षांनी ते गेले. वाटीचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

०

वाएल शहाताची त्यानंतरची कारकीर्द. दोन शस्त्रक्रिया. चौदा महिने बाहेर. जर्मनीचा माणूस पुन्हा आला नाही. सायप्रसमध्ये उसनवारीवर एक हंगाम: सामने अकरा, गोल एक, पेनल्टी. मायदेशी दुसऱ्या विभागात दीड हंगाम. गोल नाही. एकोणतिसाव्या वर्षी बंद.

माझी: जूनमध्ये करारावर सही झाली. क्लब त्या वर्षी वाचला. मी आणखी चार वर्षं तिथे काढली, मग परत आलो. आता सांगलीत माझी खोली आहे, तीन टेबलं. तेल वापरत नाही. क्रीम, बिनवासाची.

०

वाएलचं महल्ल्यात उसाच्या रसाचं दुकान आहे. दर ईदला फोनवर त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप येतो, मागे चरक. अकरा वर्षं झाली, एकही ईद चुकली नाही. "उस्ता! वर्षभर सुखात राहा. तुझ्या हातासारखा हात पुन्हा मिळाला नाही. वल्लाही." आणि हसतो. मी लिहून उत्तर देतो, बोलत नाही.

या वर्षीचा निरोप लांब होता.

"उस्ता, ऐकू येतंय का? माझ्या मुलीनं तो सामना शोधून काढला. मी कधी बघितला नव्हता, तुला माहीत आहे. तिनं शंभर वेळा बघितला. म्हणते, बाबा, तुमच्या मागे कोणीच नाही. मी म्हटलं, नीट बघ. म्हणते, कोणीच नाही. मी बघितलं. खरंच कोणी नाही." चरक थांबला होता. "अकरा वर्षं मी शिव्या घालतोय त्या माणसाला. रोज, अल्ला माफ करो, त्याच्या आईला सुद्धा. आता घालू कोणाला? तू तिथे होतास. मला कोणी मारलं?"

मी टेबलावरच्या पेशंटला कपडे करायला सांगितलं. दार लावलं. फोनचं बटण दाबून धरलं आणि बोललो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शनिवार, दाणा, आमच्या तालमीचा रिवाज, डिर्क. रविवारी तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी खोटी शपथ घेतली. सांगितलं. मग अण्णांचा फोन सांगितला. रिवाजाचा दुसरा अर्धा भाग होता, वाटी पालथी घालायचा, आणि तो मला कोणी शिकवला नव्हता, हेही सांगितलं.

सोडलं बटण. गेलं.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी आलं. चरक चालू होता.

"उस्ता," तो म्हणाला. "रडलो मी. मुलीसमोर. राग आला तुझा, खूप आला. मग आईला सांगितलं. ती म्हणाली, त्यानं मोठ्या माणसाला सांगितलं होतं ना? त्याच्या बापानं जेवढं शिकवलं तेवढं त्यानं केलं. अर्ध्या शिकवणीचा दोष शिकणाऱ्याला नसतो." पुन्हा चरक. "बरोबर बोलते म्हातारी. तुला माहीतच नव्हतं, तर तू काय करणार होतास? जाऊ दे, उस्ता. मी सोडलं. वल्लाही, सोडलं. आता ये एकदा इकडे. रस पाजतो."

मी तो आवाज रोज ऐकतो. शेवटचा भाग पुन्हा पुन्हा.

वाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा एका पेशंटनं बघितली, विचारलं, पोच कसा आला.

०

गणपाच्या चौथ्या कुस्तीला वस्तादांनी ऐकलं नाही, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांनी भरली वाटी तालमीच्या पायरीवर आपटून पालथी घातली, कुस्ती झाली नाही, आणि ती वाटी उचलून घरी आणली ती मीच.